'लेडीज' आणि 'कलर्ड': दोन पाट्यांसाठी मराठी शब्द हवेत

शेंगाचटणी: एका अमेरिकी कथेचं भाषांतर करतेय आणि दोन दिवस एकाच ओळीत अडकलेय. काळ १९५० च्या आसपासचा, दक्षिणेतलं राज्य. कृष्णवर्णीय नायिका, पोटुशी, पेट्रोल पंपावर उतरते. समोर तीन दारं: 'मेन', 'लेडीज', 'कलर्ड'. (तिकडे बऱ्याच ठिकाणी असंच असायचं. गोऱ्यांना दोन दारं, काळ्यांत बाई-पुरुष मिळून एक. १९६४ च्या कायद्यानं असल्या पाट्या बेकायदा ठरल्या.) ती विचारते, "म्हंजे मी लेडी न्हवं?" मी 'पुरुष', 'स्त्रिया', 'कृष्णवर्णीय' असं लिहिलं. आत्याला वाचून दाखवलं तर म्हणाली, "स्त्री तर ती आहेच की, त्यात विचारायचं काय?" प्रश्नच मेला.

टॉवेलवाला: ताई, कशाला एवढा ताण घेऊलालाव? 'महिला' लिहा. एसटी स्टँडवर तेच असतंय.

निवृत्तमास्तर: 'महिला' हा शब्द सरकारी झाला. 'लेडी'त प्रतिष्ठा आहे. 'कुलस्त्रिया' योग्य वाटतो.

टॉवेलवाला: संडासाच्या दारावर 'कुलस्त्रिया'? माणूस चप्पल बाहेर काढून आत जाईल हो मास्तर.

पूर्वभागवाली: आमच्या घरात तेलुगू, बाहेर मराठी. आई विड्या वळायची, तिला कारखान्यात सगळे 'ए अम्मा' म्हणायचे. बँकेतली ती 'मॅडम'. आणि 'बाई' तर दोन्हीकडे चालतो, फरक क्रियापदात. शाळेतल्या बाई 'आल्या', भांड्याची बाई 'आली'. पाटीवर क्रियापद नसतं, म्हणून तुमची अडचण. पाटी इंग्रजीतच ठेवा, 'लेडीज' सगळ्यांना कळतं. तिच्या तोंडी घाला, "म्हंजे मी 'आल्या'तली न्हवं, 'आली'तली."

शेंगाचटणी: वा! पण अमेरिकेतली बाई 'आल्या-आली' कशी म्हणेल? आणि 'कलर्ड'चं काय? 'रंगीत' लिहिलं तर टीव्ही आठवतो.

निवृत्तमास्तर: 'वर्णीय' लिहा. वर्ण म्हणजे रंगच.

विजापूरवेस: मास्तर, 'वर्ण' म्हटलं की इथल्या वाचकाला आधी 'सवर्ण' आठवतं, चातुर्वर्ण्य आठवतं. तिकडचा रंगभेद इकडच्या जातीत जाऊन बसेल. 'वंश'ही चालणार नाही. वंशाचा दिवा म्हणजे मुलगा. 'वंश' म्हणताच निम्मी माणसं बाहेर.

निवृत्तमास्तर: शब्द शुद्ध आहे. समाजाचा दोष शब्दाच्या माथी मारू नका.

पूर्वभागवाली: मग 'काळी'च लिहा सरळ. माझ्या वेळी पाहुणे बघायला आले, "पोरगी सावळी आहे" म्हणाले. भाऊ माझ्याहून काळा, त्याचा रंग कुणी काढला नाही. पंढरपूरला जाऊन 'सावळे सुंदर रूप मनोहर' म्हणायचं आणि घरी आल्यावर मला बेसन लावायचं. आता सांगा, ते दुःख काळेपणाचं की बाईपणाचं?

टॉवेलवाला: दोन्हीचं. पण 'सावळा' आलाय 'सावली'वरून. सावलीसारखा तो सावळा.

निवृत्तमास्तर: साफ चूक. श्यामल, सामल, सावळ.

टॉवेलवाला: आमची आजी सावलीच म्हणायची.

निवृत्तमास्तर: आजींविषयी आदर आहे.

विजापूरवेस: पूर्वभागवाली विचारतायत त्याला नाव आहे: 'इंटरसेक्शनॅलिटी'. अमेरिकेतल्या कायद्याच्या अभ्यासक किंबर्ले क्रेनशॉ यांनी १९८९ साली मांडलं. पाच काळ्या बायका जनरल मोटर्स या गाड्यांच्या कंपनीविरुद्ध भेदभावाची तक्रार घेऊन कोर्टात गेल्या होत्या, निकाल १९७६ चा. कोर्ट म्हणालं, कंपनी बायकांना कामावर घेतेच (त्या गोऱ्या!), आणि रंगाची तक्रार असेल तर काळ्यांच्या दुसऱ्या दाव्यात जा. दोन्ही एकत्र मांडायला जागाच नाही. म्हणजे तुमच्या नायिकेची तीन दारंच. क्रेनशॉ यांचा दाखला रस्त्यांच्या चौकाचा आहे, अपघात कुठल्या रस्त्यावरच्या गाडीनं झाला ते सांगता येत नाही. मराठीत 'आंतरछेदिता' म्हणतात.

टॉवेलवाला: 'आंतरछेदिता' म्हणजे पोटाचं ऑपरेशन वाटलालंय. सोलापुरात सात रस्ता चौकात उभं राहून बघा, तिथं धक्का लागला तर कुणाचं नाव घेणार? 'सातरस्तापणा' म्हणा.

निवृत्तमास्तर: उद्या पीएचडीच्या प्रबंधात 'सातरस्तापणा' येईल.

टॉवेलवाला: येऊ द्या की.

पूर्वभागवाली: मास्तर, एक राहिलं. मंगळसूत्रातल्या काळ्या मण्यांना आमच्यात नल्लपूसलु म्हणतात. नल्ल म्हणजे काळं. मणी काळेच लागतात, नवरी मात्र गोरी. याला संस्कृतात काय म्हणतात?

शेंगाचटणी: अहो, संपादकांना आज रात्री पाठवायचंय. तिसऱ्या दारावर काय लिहू?

टॉवेलवाला: आधी 'सावळा'चं मिटू द्या ताई.