आपला गोतावळा: बापूकाकांची तारीख

दादा: शेवटी ग्रुपवरच लिहितोय कारण फोन उचलत नाहीत. बापूकाका, काकूचा आत्ता फोन आला, डॉक्टरांनी दिलेली ऑपरेशनची तारीख तुम्ही परस्पर पुढे ढकललीत आणि कारण काय तर राज्य नाट्य स्पर्धा. वर स्टेटसला त्या इटालियन नटाचा सायकलवरचा फोटो. गेल्या वेळी आयसीयूबाहेर आम्ही सगळे कसे बसलो होतो ते विसरलात का

मोठी आत्या: तारीख कुठली ठरली ते सांगा.

बापूकाका: अरे बाबांनो ढकललीय, रद्द नाही केली. प्राथमिक फेरी झाली की दुसऱ्या दिवशी टेबलावर जाऊन झोपतो. आणि तो "इटालियन नट" म्हणजे मासिमो त्रोईसी. नेपल्सजवळच्या सान जोर्जो आ क्रेमानोचा, बाप रेल्वेत, घरात ही एवढी माणसं. लहानपणी सांध्यांचा ताप आला आणि हृदयाची झडप गेली, माझंच दुखणं. त्याही परिस्थितीत त्यानं शेवटचा पिक्चर पूर्ण केला, मगच

मिनू: मगच काय काका? वाक्य पूर्ण करा ना

मिनू: मीच करते. ४ जून १९९४. 'इल पोस्तिनो'चं शूटिंग संपून बारा तास झाले होते, रोमजवळ ओस्तियाला बहिणीच्या घरी झोपेतच गेला. वय ४१. हे टाका स्टेटसला

धाकटा मामा: पोस्टमनचा तो पिक्चर ना, कवीला पत्रं नेऊन देतो तो. ऑस्कर मिळालं होतं त्याला

मिनू: त्याला नाही मामा, संगीताला मिळालं. त्याला अभिनयाचं आणि पटकथेचं नामांकन होतं, तेही १९९६ ला. बघायला होता कुठे तो

बंड्या: काका फोटो मस्तय पण, सायकल आपल्या अण्णांच्या सायकलसारखी दिसते

दादा: बंड्या प्लीज. विषय काय चाललाय

मोठी आत्या: तारीख कुठली ठरली ते सांगा.

बापूकाका: मिनू तू पाठ केलेल्या तारखा सांगतेस, मी माणूस सांगतोय. आयुष्यभर मी विनोदी कामं केली, माझ्याइतकं तुमच्यात कुणी त्याला बघितलेलं नाही. तो विनोद ओरडून करत नाही, वाक्य सुरू करतो, अडखळतो, हात हलवतो, परत मागे जातो, म्हणायचं असतं एक आणि तोंडातून निघतं त्याच्या अर्धं, आणि त्या उरलेल्या अर्ध्यावर थिएटर हसतं. बोली अस्सल नेपल्सची, उत्तरेकडच्या इटालियन लोकांनाही कान देऊन ऐकावी लागायची, तरी त्यानं ती सोडली नाही. १९८१ चा पहिला पिक्चर 'रिकोमिंचो दा त्रे', लिहिलेला त्यानंच (सोबत आन्ना पाविन्यानो), दिग्दर्शन त्याचं, काम त्याचं. मित्र म्हणतो झालं गेलं विसर आणि शून्यापासून सुरू कर, तर हा म्हणतो शून्यापासून का, तीन गोष्टी जमल्यात मला आयुष्यात, त्या का घालवू, तिनापासून सुरू करतो. हे असं लिहायला काळीज लागतं. त्या वर्षीचा सगळ्यात चांगला पिक्चर आणि सगळ्यात चांगला नट, दोन्ही दाविद दी दोनातेल्लो, म्हणजे इटलीतली मोठी सिनेमा बक्षिसं, त्यालाच. असा माणूस शेवटचं काम अर्धवट टाकून कसा जाईल

मामी: त्यातलाच ना तो नावाचा किस्सा, बापूभावजी नेहमी सांगतात तो? प्रेयसीला पोराचं नाव मासिमिलियानो ठेवायचंय आणि हा म्हणतो नको, एवढं लांब नाव घेऊन आई हाक मारेपर्यंत पोरगं पळून जातं, वाया जातं. उगो ठेव, हाक मारली की जागेवर थांबेल

बंड्या: म्हणून माझं नाव बंड्या

मोठी आत्या: तरी वाया गेलासच. तारीख कुठली ठरली ते सांगा.

धाकटा मामा: ऑपरेशनला पैसे कमी पडत असतील तर स्पष्ट बोला बापूराव. त्या त्रोईसीसाठीसुद्धा वर्गणी काढली होती ना, अमेरिकेला जायचं होतं तेव्हा

बापूकाका: हो. १९७६. ह्यूस्टनला ऑपरेशन. मित्र धावपळ करत होते, नेपल्सच्या पेपरनं वर्गणीचं आवाहन केलं. तेव्हा तो कुणी नव्हता, गल्लीतल्या नाटकातला पोरगा. माझ्यासाठी नको वर्गणी, पैशाचा प्रश्न नाही.

मोठ्या वहिनी: वर्गणीचा विषय निघालाच आहे म्हणून, कुणाला दुखवायचं नाही, पण गावच्या घराच्या पत्र्यांचे पैसे अजून तिघांचे आलेले नाहीत. आम्ही पावसाळ्याआधीच भरलेत.

दादा: वहिनी मी तुम्हाला खाजगीत सांगितलंय कधी देणार ते. इथे लिहायची गरज होती का

मोठ्या वहिनी: मी नाव घेतलंय का कुणाचं? 🙏

धाकटा मामा: पत्रे तर पत्रे, पण मागच्या वेळी बापूरावांचं हॉस्पिटलचं डिपॉझिट कुणी भरलं होतं आणि कुणी नुसते मेसेज टाकले होते ते सगळ्यांना माहितीय

(हा मेसेज डिलीट केला आहे)

मामी: अहो काढलात ते बरं केलंत. सगळ्यांनी वाचलाय पण.

काकू: भांडू नका रे. हे पत्ते खेळत बसलेत शेजारी आणि इकडे तुम्ही भांडताय. रात्री दम लागतो ह्यांना, दोन उशा घेऊन बसून झोपतात, ते कुणाला सांगत नाहीत.

दादा: बसून झोपतात??

बापूकाका: उकाडा होता.

काकू: नोव्हेंबरात?

बंड्या: काका ते पिक्चरमधलं उत्तर देऊ नका फक्त

मामी: कुठलं

बंड्या: त्रोईसी आणि बेनिन्यी, तो दुसरा इटालियन विनोदी नट, त्यांचा पिक्चर आहे, दोघं रस्ता चुकून १४९२ सालात जाऊन पडतात, मग कोलंबसला अडवायला निघतात की अमेरिका सापडायलाच नको. त्यात खालून एक साधू ओरडतो, लक्षात ठेव, तुला मरायचंय! हा खिडकीतून ऐकतो, साधू परत परत तेच ओरडतो, तर हा शेवटी म्हणतो हो हो, लिहून ठेवतो. डॉक्टरांना काका हेच म्हणाले. मी होतो तिथे. डॉक्टरांना कळलंच नाही

मोठी आत्या: बापू, मी तुझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी आहे. आई गेल्यावर तुझा ताप मीच काढलाय, सांधे सुजून रडायचास तू. मला असले विनोद सांगू नकोस. तारीख कुठली ठरली ते सांग.

मिनू: काका, आता माझं ऐका. मी पण सगळं वाचलंय त्याचं, तुमच्यामुळेच वाचलंय. तुम्ही त्याचे शेवटचे काही आठवडे तेवढे उचललेत. १९७६ का नाही उचलत? तेविशीत झडपेचं ऑपरेशन झालं आणि मग सगळं सुरू झालं. ला स्मॉर्फिया हा त्याचा विनोदी ग्रुप, तो आणि लेल्लो अरेना आणि एन्झो देकारो, टीव्हीवर गाजले ते १९७७ ला, ऑपरेशननंतर. पहिला पिक्चर नंतर. बेनिन्यीबरोबरचा १९८४ चा पिक्चर नंतर. १९८९ ला दिग्दर्शक एत्तोरे स्कोलाच्या पिक्चरसाठी व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात मास्त्रोयान्नी या नटाबरोबर वाटून घेतलेलं अभिनयाचं बक्षीस, तेही नंतर. तो टेबलावर झोपला म्हणून तुम्हाला बघायला मिळाला. आणि १९९४ ला त्याला आख्खं हृदय बदलायला सांगितलं होतं, तो म्हणाला आधी पिक्चर. तुम्हाला एक झडप बदलायचीय आणि तारीख हातात आहे. दोघांचं एक कसं होईल

जावईबापू: मिनू बरोबर बोलतेय. धाप लागून बसून झोपायची वेळ आली म्हणजे डॉक्टरांना आजच कळवायला पाहिजे, फेरी वगैरे नंतर. मामा, रागावू नका.

बापूकाका: माझ्याशिवाय नाटक उभं राहील का ते सांगा आधी. पोरं वर्षभर राबलीत.

मिनू: त्याच्याशिवाय राहिलं ना. 'इल पोस्तिनो'त सायकल चालवताना लांबून दिसतो तो दरवेळी त्रोईसी नाहीच, त्याच्यासारखा दिसणारा दुसरा माणूस आहे. दिवसाला थोडाच वेळ काम झेपायचं, बरेचसे सीन बसून केलेत. चढ चढायला त्यानं दुसरा माणूस घेतला, त्यात त्याला कमीपणा वाटला नाही. तुम्ही पण घ्या. बंड्याला तुमचं काम तोंडपाठ आहे, तोच प्रॉम्प्टिंग करतो

बापूकाका: बंड्याला टायमिंग नाही.

बंड्या: मागच्या तालमीला तुम्ही खाली बसलात तेव्हा दुसरा अंक कुणी केला?

मामी: खाली बसलात म्हणजे??

काकू: हे मला माहीत नव्हतं.

दादा: मला पण नाही. काका??

मोठी आत्या: बापू.

धाकटा मामा: आता बोला बापूराव

(बराच वेळ कुणी नाही)

बापूकाका: दुसरा अंक वाईट नव्हता केला त्यानं. शेवटच्या एंट्रीला घाई करतो. वाक्याआधी थांबायचं असतं, लोकांना वाटलं पाहिजे हा विसरला.

बंड्या: मग शिकवा ना, घरी येतो

काकू: मी मगाशीच हॉस्पिटलला फोन केला, ह्यांना न विचारता. जुनी तारीख अजून दुसऱ्या कुणाला दिलेली नाही. १२ तारखेला सकाळी ऑपरेशन, आदल्या दिवशी भरती. दम लागतो ते सांगितल्यावर म्हणाले आज संध्याकाळी पाच वाजता दाखवून जा. दादा तू गाडी घेऊन ये, ह्यांना रिक्षाचे धक्के नकोत. जुने रिपोर्ट कुणाकडे आहेत?

मोठ्या वहिनी: माझ्याकडे आहेत, पिवळ्या पिशवीत. दादा, माझ्याकडूनच घेऊन जा.

दादा: निघतोय

बापूकाका: बंड्या, चारला ये. दुसऱ्या अंकाची वही आण, आणि येताना चहा पिऊन ये, काकूला त्रास नको.