आजीच्या खोकल्याच्या काढ्याचं प्रमाण कुणाला ठाऊक आहे का?

निफाडकर: यंदा थंडी पडली आणि माझा कोरडा खोकला सुरू झाला. रात्री दोनला उठून बसतो. आजी अडुळशाची पानं, सुंठ, ज्येष्ठमध घालून चुलीवर काढा करायची. चव अशी कडू की नाक दाबून प्यायचो! पण प्रमाण विचारायचं राहूनच गेलं. घरात आठ महिन्यांची भाची पण खोकतेय, तिला मधाचं चाटण चालेल का?

गवतीचहा: आधी भाचीचं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको, बोट बुडवून चाटवण्याइतकासुद्धा. त्यात बोट्युलिझमचे (एक गंभीर विषबाधा) जंतू असू शकतात. डॉक्टरांना दाखवा.
तुमच्यासाठी: अडुळशाची तीन-चार पिकली पानं, बोटाच्या पेराएवढा ज्येष्ठमध, चिमूटभर सुंठ, दोन लवंगा. दोन कप पाण्याचं अर्धा कप होईपर्यंत मंद आचेवर आटवायचं. काढा कोमट झाल्यावर मध घालायचा. आमच्याकडे असंच करतात.

सासुरवाशीण: बीपी असेल तर ज्येष्ठमध रोज नको, त्यानं बीपी वाढतं. माझ्या सासऱ्यांच्या बाबतीत हे कळायला महिना गेला.

निफाडकर: बीपी नाही, भाचीला उद्या दाखवतो. अडुळसा शेजारच्या कुंपणाला आहे, मागायची लाज वाटत होती.

गवतीचहा: मागा हो. खोकल्याच्या गोळ्यांतलं ब्रोमहेक्सिनसुद्धा अडुळशातल्या वासिसीनवरूनच आलंय. आणि तीन आठवडे उलटले तर काढा बाजूला ठेवून छाती तपासून घ्या.