मदत हवी: स्पायरल चिपमध्ये ५० आणि २०० नॅनोमीटरचे कण वेगळे होत नाहीत

औरंगपुरा_लॅब
पीडीएमएसची (सिलिकोन रबराची) चिप, गोल वळत जाणाऱ्या वाहिनीत कण आकारानुसार वेगळ्या रेषांत यायला हवेत. वाहिनी १०० मायक्रॉन रुंद, ५० मायक्रॉन उंच. कार्बोक्सिल पॉलिस्टायरीनचे ५० आणि २०० नॅनोमीटरचे मणी एकत्र करून मिनिटाला १ मिली सोडतोय. दोन्ही आउटलेटचं डीएलएस (विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार मोजणं) सारखंच, २०० च्या आसपास. फ्लो वाढवू का? शेवटी १ मिली नमुना घट्ट करून १०० मायक्रोलिटरवर आणायचाय. संभाजीनगरात क्लीनरूम (धूळमुक्त खोली) हाताशी नाही, पृष्ठभाग चिकटण्याजोगा करणारा प्लाझ्मा क्लीनर आहे.

बालाघाट
फ्लो वाढवून उपयोग नाही. कण रेषेत यायला त्याचा व्यास वाहिनीच्या हायड्रॉलिक व्यासाच्या (४ × छेदाचं क्षेत्रफळ ÷ परिमिती) निदान ०.०७ पट लागतो. तुमचा हायड्रॉलिक व्यास ६७ मायक्रॉन, म्हणजे साधारण ४.७ मायक्रॉनच्या पुढचेच कण रांगेत येतील. २०० नॅनोमीटरसाठी वाहिनी ३ मायक्रॉनच्या आत आणावी लागेल. त्या दाबाला तुमचं बाँडिंग टिकायचं नाही.

डीएलएसवरही विसंबू नका. प्रकाशाचं विखुरणं व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतं, म्हणून २०० चा एक कण ५० च्या सुमारे ४,१०० कणांना झाकतो. दोन आकारांचे दोन रंगांचे फ्लुरोसंट मणी घ्या आणि प्रत्येक आउटलेटला दोन्ही रंग मोजा.

स्पायरल सोडा. दोन पीडीएमएस थरांमध्ये १०० नॅनोमीटर छिद्रांचा ट्रॅक-एच्ड (एकसारख्या आरपार छिद्रांचा) पॉलिकार्बोनेट पडदा घाला. वरून मिनिटाला ५० मायक्रोलिटर फिरवत ठेवा, खालून फक्त ५ खेचा. सगळंच खालून काढलं तर २०० चे कण पडद्यावर थापले जातात आणि ५० चेही अडतात. ९०० मायक्रोलिटर खाली जायला ३ तास लागतील.

सिंदफणा_काठ
पडदा पीडीएमएसला नुसत्या प्लाझ्माने चिकटत नाही. पडद्याला प्लाझ्मा, मग ५% एपीटीईएसच्या (पडदा चिकटवायला लागणाऱ्या सिलेन रसायनाच्या) पाण्यातल्या द्रावणात ८० अंशांवर २० मिनिटं, धुऊन कोरडा. पीडीएमएसला प्लाझ्मा अगदी शेवटी द्या आणि लगेच दाबा, उशीर केला की पृष्ठभाग परत पहिल्यासारखा होतो. एपीटीईएसची बाटली जुनी असेल तर बाकी सगळं बरोबर करूनही कडा सुटतात.

यात एक खोच आहे. एपीटीईएसने पडद्यावर धन भार येतो, तुमचे कार्बोक्सिल मणी ऋण. १% प्लुरॉनिक एफ-१२७ (कणांना चिकटू न देणारा सरफॅक्टंट) तासभर भरून ठेवा, धुवा, मगच नमुना सोडा. नाहीतर मणी पडद्यालाच चिकटून राहतील.

पाणी डीआयच (आयन काढलेलं) वापरा. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम कणांचे गोळे करतं. उन्हाळ्यात फ्रीजमधलं बफर थेट लावू नका, चिपमध्ये गरम होताना बुडबुडे सुटतात. आधी खोलीच्या तापमानाला आणून व्हॅक्यूममध्ये हवा काढा. आणि दोन्ही पंप एकाच यूपीएसवर. लाईट गेली, वरचा बंद पडला आणि खेचणारा चालू राहिला, तर कण सगळे पडद्यावर!

औरंगपुरा_लॅब
पण वर उरलेल्या १०० मायक्रोलिटरमध्ये ५० चे कण राहतीलच ना?

बालाघाट
राहतील, आणि मूळच्याच घनतेने. आधी १०० पर्यंत आणा, मग आकारमान तेवढंच ठेवून खाली जाईल तितकंच ताजं बफर वर घाला. ५० चे कण पडद्यातून मोकळे जात असतील तर एक आकारमान धुतल्यावर ३७% उरतात, तीन धुतल्यावर ५%. म्हणजे ३०० मायक्रोलिटर, आणखी १ तास. धुणं आधी आणि आटवणं नंतर केलंत तर याच कामाला ३ मिली बफर आणि १० तास जातील. खाली गेलेले ५० चेही घट्ट करायचे असतील तर ३० नॅनोमीटरचा पडदा लावून तीच चिप पुन्हा बनवा.

औरंगपुरा_लॅब
पडदा आणि एफ-१२७ मागवतो. दोन रंगांचे आकडे आले की इथंच टाकतो.