ओळखी आधी की अभ्यास आधी?

महाविद्यालयाच्या पहिल्या सत्रात ओळखी वाढवाव्यात, अभ्यासाचे पुढे पाहता येते, हा नव्या विद्यार्थ्यांना दिला जाणारा सल्ला मला अर्धाच पटतो. विद्यार्थी शिक्षण अर्धवट का सोडतात, याविषयी अमेरिकी अभ्यासक व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ मध्ये केलेल्या मांडणीत संस्थेशी सामाजिक आणि शैक्षणिक अशा दोन्ही अंगांनी जोडले जाण्याला महत्त्व आहे. त्यांतले एक अंग पुढे ढकलता येईल, असे मला वाटत नाही.

शाळेत वही तपासणारे, गृहपाठ विचारणारे कोणीतरी असते. महाविद्यालयात ते बहुधा नसते, आणि त्यामुळे मागे पडल्याची जाणीव परीक्षा तोंडावर आल्यावरच होते. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरील प्रयोगांतून दाखवले होते की, शिकलेल्या गोष्टींचे विस्मरण सुरुवातीच्या काही तासांतच सर्वाधिक वेगाने होते. म्हणून तासाला उतरवलेली टिपणे त्याच संध्याकाळी वीसएक मिनिटे, वही मिटून, आठवून पाहावीत. (टिपणे रंगीत पेनांनी सजवणे हा अभ्यास नव्हे, हे मला फार उशिरा कळले.) जे आठवत नाही ते वर्गमित्राला विचारावे, त्यालाही येत नसेल तर दोघांनी मिळून प्राध्यापकांकडे जावे, ओळख वाढवण्याचा इतका सोपा मार्ग मला तरी दुसरा सापडला नाही.

एकटेपणाने झोप आणि भूक अनेक दिवस उडाली असेल, तर मात्र वेळापत्रक बाजूला ठेवून समुपदेशकांची भेट घ्यावी.