मदत हवी आहे: वर्गातला एक मुलगा सारखा चावतो

रानजाई:
जरा लवकर सांगा कुणीतरी, उद्या परत वर्ग आहे. एक मुलगा चावतो, दंडाला, पाठीला, आज तर एकीच्या गालावर दात उमटले आणि तिची आई गेटवरच भांडली. समजावून झालं, कोपऱ्यात बसवून झालं, ढिम्म फरक नाही. मालकीणबाई म्हणतात नाव काढून टाका, मला ते पटत नाहीये.

टण्या:
वय? तुम्ही टीचर का?

रानजाई:
टीचरच ना, म्हणून तर विचारतेय. प्लेग्रुप आहे, अजून काय वय असणार!

मीनाक्षी_के:
अहो प्लेग्रुपला पावणेदोनचंही येतं आणि साडेतीनचंही. बोलतो का? कधी चावतो? किती पोरं, किती बायका?

रानजाई:
अडीच वर्षं. "दे" आणि "मम्" एवढंच बोलतो. २२ मुलं, मी आणि मावशी, पण डब्याआधी मावशी शू-शीला नेण्यात असते, मी एकटीच. हो, तेव्हाच जास्त चावतो.

साधा_माणूस:
जिभेला मिरची लावा. मला आईने उलटा चावा घेतला होता, जन्मात परत चावलो नाही.

मीनाक्षी_के:
असलं काही करू नका हं! मोठ्यांनी चावलं की चावायचं असतं हेच पोर शिकतं.

साधा_माणूस:
आम्ही काय बिघडलो का?

टण्या:
तुमच्या पोस्टी वाचून शंका येते 😄

अनुजा_पी:
डब्यात फुटाणे, शेंगदाणे, अख्खी द्राक्षं येऊ देऊ नका, श्वासनलिकेत अडकतात.

रानजाई:
ताई, प्रश्न चावण्याचा आहे.

अनुजा_पी:
असू दे, खेळण्यातले बटण सेलही बघा. गिळला तर २ तासांत अन्ननलिका भाजते.

जुनामास्तर:
ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी काढली ती शंखशिंपले, बिया, पानं घेऊन. तुमचं सगळं प्लास्टिक.

अनुजा_पी:
बिया नाकात घालतात मुलं.

मीनाक्षी_के:
रानजाई, भूक, गर्दी आणि शब्द नाहीत, तिन्ही एकदम आलंय. डबा पाव तास आधी करा, अर्धी पोरं मावशीबरोबर अंगणात काढा, ज्या खेळण्यावरून ओढाताण होते ते सारखंच दुसरं आणा, त्या वेळी त्याच्या हाताच्या अंतरावर बसा. चावलाच तर "चावायचं नाही, दुखतं" एवढंच, आणि आधी ज्याला चावला त्याच्याकडे जायचं. जखम साबणपाण्याने धुवा, कातडी फाटली असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. बाकीच्या पालकांना त्याचं नाव सांगू नका. आणि अडीचला दोनच शब्द म्हणजे कान तपासून घ्यायला सांगा, जिल्ह्याच्या सरकारी शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे लहान मुलांची वाढ, ऐकणं-बोलणं तपासतात तिथे, फुकट होतं.

टण्या:
मोबाईल हातात देतात, मग कुठून बोलणार.

रानजाई:
मोबाईलचं माहीत नाही, घरी कन्नड बोलतात.

मीनाक्षी_के:
हे आत्ता सांगताय? घरी किती बोलतो ते विचारा आधी!

साधा_माणूस:
मराठी शाळेत घातलंय ना, मग घरी मराठी बोला की.

टण्या:
झालं सुरू. माध्यमाचा धागा वेगळा काढा.

रानजाई:
वडिलांशी बोलले. घरी कन्नडमध्ये तोंड बंद नसतं म्हणे, तरी कान बघून घेतो म्हणाले. उद्यापासून डबा आधी. पण अजून एक बाई ठेवा हे मालकीणबाईंना कोण सांगणार?

मीनाक्षी_के:
ती गेटवर भांडलेली आई. फी भरणाऱ्यांचं ऐकतात.