ब्रेकचा निरोप आधी की व्हिडिओ? गाड्यांचे संदेश आणि नेट न्यूट्रॅलिटी

चाकोरीबाहेर (धागाकर्ता)

काल ऑफिसात वाद झाला आणि मी सपशेल हरलो. म्हणून इथे विचारतोय.

माझं म्हणणं होतं, मोबाइल कंपनीनं सगळ्या डेटाला एकाच मापानं मोजावं. कुणाला पुढे सोडू नये, कुणाला अडवू नये. यालाच नेट न्यूट्रॅलिटी म्हणतात ना. त्यावर सहकारी म्हणाला, "उद्या पुढची गाडी करकचून ब्रेक मारणार, आणि तिचा निरोप नेटवर्कवरून मागच्या गाडीला जाणार. त्याच टॉवरवर शंभर जण व्हिडिओ बघत बसलेत. तुझ्या समानतेपायी तो निरोप रांगेत थांबला आणि माणूस गेला तर?" मला उत्तर सुचलं नाही. चारचौघांत गप्प बसावं लागलं.

तर प्रश्न दोन. गाडीचा गाडीला जाणारा संदेश खरंच टॉवरवरून जातो का? आणि जात असेल, तर त्याला पुढे सोडणं म्हणजे नेट न्यूट्रॅलिटी मोडणं का? मी हिशेबतपासनीस आहे, जरा बेतानं सांगा.

ड्राइव्हटेस्टवाला

तुमच्या सहकाऱ्याच्या उदाहरणातच गोची आहे. ब्रेकचा निरोप टॉवरकडे जायची गरजच नसते.

गाड्यांनी एकमेकींशी थेट बोलायच्या दोन पद्धती आहेत. एक ८०२.११पी, म्हणजे वायफायचीच रस्त्यासाठी बदललेली आवृत्ती. दुसरी सी-व्ही२एक्स (व्ही२एक्स म्हणजे गाडीचं आसपासच्या सगळ्यांशी बोलणं), जी मोबाइल जाळ्यांची मानकं ठरवणाऱ्या ३जीपीपी या संघटनेनं आपल्या रिलीज १४ या आवृत्तीत आणली. दोन्ही ५.९ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात चालतात. प्रत्येक गाडी साधारण सेकंदाला दहा वेळा ओरडून सांगते: मी इथे आहे, इतक्या वेगात आहे, या दिशेला चाललेय, ब्रेक दाबलाय. आसपासच्या काही शे मीटरमध्ये ज्याला कान आहेत त्यानं ऐकावं. ना सिम, ना रिचार्ज. २०१९ साली आलेल्या आठव्या पिढीच्या फोक्सवॅगन गोल्फमध्ये पहिली पद्धत बसवलेली होती.

घोटाळा दुसरीच्या नावामुळे होतो. सी-व्ही२एक्समधला 'सी' सेल्युलरचा, म्हणून लोकांना वाटतं मध्ये टॉवर असणारच. त्यातही थेट बोलायची वेगळी वाट आहे, तिला पीसी५ म्हणतात. तिच्या मोड ४ मध्ये गाड्या स्वतःच हवा ऐकून मोकळी जागा निवडतात. डोंगरात, बोगद्यात, सिग्नलचा एक दांडा नसतानाही हे चालतं.

टॉवरवरून का नको, हे मी पुस्तकातून शिकलो नाही. माझी बारा वर्षं ड्राइव्ह टेस्टिंगमध्ये, म्हणजे गाडीतून फिरत मोबाइल नेटवर्क मोजण्यात गेली. मागच्या सीटवर लॅपटॉप, चार फोन एकाच पट्टीवर चिकटवलेले, टपावर जीपीएसची चकती, आणि दिवसभर त्याच रस्त्यावरून येरझाऱ्या. संध्याकाळी साहेबांना पाठवायच्या तक्त्यात पिंगची, म्हणजे निरोप जाऊन उत्तर यायला लागणाऱ्या वेळेची, सरासरी ४० मिलिसेकंदांच्या आसपास दिसायची. सगळे खूश. मी मात्र कच्ची लॉग फाइल उघडायचो. एका सेलमधून (टॉवरच्या एका टापूतून) दुसऱ्यात उडी मारताना हँडओव्हर, म्हणजे जोडणीची अदलाबदल, फसला, की मध्येच एखादा ९०० मिलिसेकंदांचा नमुना सापडायचा. ताशी १०० किलोमीटरनं गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. म्हणजे त्या एका नमुन्यात २५ मीटर. सरासरीत तो कुठच्या कुठे विरून जातो, रस्त्यावर नाही विरत.

आणि हा उशीर व्हिडिओ बघणाऱ्यांमुळे नव्हता बरं का. कित्येकदा तो सेल ओस पडलेला असायचा.

चाकोरीबाहेर

म्हणजे मी उगाच हरलो! पण मग थेट रेडिओवर गर्दी झाली तर? दोनशे गाड्या एकदम ओरडायला लागल्या तर तिथे कोण कुणाला पुढे सोडतं?

ड्राइव्हटेस्टवाला

हिशेबतपासनिसाला शोभेल असा प्रश्न. हिशेबच करू. एक संदेश ३०० बाइटचा धरा. सेकंदाला दहा म्हणजे ३,००० बाइट, २४ किलोबिट. दोनशे गाड्यांचे झाले ४.८ मेगाबिट. ८०२.११पी चा १० मेगाहर्ट्‌झचा चॅनेल नेहमीच्या वापरात ६ मेगाबिटवर चालतो, आणि सगळे एकाच हवेत बोलत असल्यानं ते सहाही पूर्ण हाती लागत नाहीत. म्हणजे गळ्याशी येतं. तेव्हा गाड्या आपणहून संदेश विरळ करतात.

प्राधान्यही आहे. ८०२.११पी मध्ये चार रांगा असतात, तातडीचा इशारा पहिल्या रांगेतून निघतो. सी-व्ही२एक्समध्ये प्रत्येक पॅकेटवर अग्रक्रमाचा आकडा असतो. पण तो आकडा संदेशाच्या जातीवरून ठरतो. महागड्या गाडीचा ब्रेक आणि खटाऱ्याचा ब्रेक एकाच रांगेत. कुणी पैसे भरून पुढे येऊ शकत नाही, कारण पैसे घ्यायला मध्ये कुणी बसलेलंच नाही. नेट न्यूट्रॅलिटीचा वाद हा त्या मध्ये बसलेल्याबद्दल आहे.

साइडमिरर

थोडं थांबा. मी गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम करतो, आणि वरचं चित्र जरा जास्तच गोजिरवाणं आहे.

थेट रेडिओ दोघांकडे असेल तरच बोलणं होतं. रस्त्यावरची गाडी पंधरा-वीस वर्षं चालते. आज प्रत्येक नव्या गाडीत बसवायला घेतला तरी निम्म्या रस्त्याला कान फुटायला किती काळ लागेल ते पाहा. अमेरिकेत २०१६ च्या अखेरीस हा रेडिओ सक्तीचा करायचा प्रस्ताव आला, पुढे तो बारगळला. शिवाय ५.९ गिगाहर्ट्‌झ इमारतीच्या कोपऱ्यावरून नीट वळत नाही, आणि मध्ये मोठा ट्रक आला की पोच घटते. वळणापलीकडे दोन किलोमीटरवर दरड आलीय, हे मला नेटवर्कच सांगणार. फोन सगळ्यांच्या खिशात आहे, रेडिओ नाही.

तेव्हा "टॉवरची गरजच नाही" हे बरोबर नाही. आणि गरज असेल, तर प्राधान्याचा प्रश्न परत उभा राहतो.

ड्राइव्हटेस्टवाला

मान्य. मी फक्त ब्रेकबद्दल बोलत होतो, पण वाक्य फार ऐसपैस झालं. दरड, घसरडा रस्ता, पुढे थांबलेली रांग, हे नेटवर्कवरूनच यावं. तिथे दोन-तीन सेकंद उशिरानं बिघडत नाही.

आता प्राधान्याचं. एलटीईमध्ये, म्हणजे ४जीत, प्रत्येक प्रवाहाला त्याचा दर्जा ठरवणारा क्यूसीआय नावाचा आकडा मिळतो. व्होएल्टीईचा, म्हणजे ४जीवरच्या कॉलचा, आवाज १ वर जातो, साधं इंटरनेट बहुतेक ९ वर. म्हणजे तुमचा कॉल आजही शेजाऱ्याच्या व्हिडिओच्या पुढेच पळतोय, आणि कुणी मोर्चा काढलेला नाही. वाहनांच्या संदेशांसाठी ७५ आणि ७९ हे आकडे मुद्दाम राखलेत. दोन्हींत उशिराची मर्यादा ५० मिलिसेकंद आणि शंभरात एक पॅकेट हरवलं तरी चालेल असं गृहीत धरलंय. ५जीमध्ये तर व्ही२एक्ससाठी स्लाइसचा, म्हणजे जाळ्यातल्या राखीव कप्प्याचा, स्वतंत्र प्रकारच आहे.

पण हा आकडा काय करतो? टॉवर गच्च भरलेला असताना कुणाचं पॅकेट आधी सोडायचं, एवढंच. सिग्नल नसेल तर तो काही करू शकत नाही. गाडीतला मोडेम झोपला असेल तर आधी त्याला उठून टॉवरशी जोडणी करावी लागते, तो वेळ वेगळाच. आणि दोन गाड्या दोन वेगळ्या कंपन्यांच्या सिमवर असल्या की निरोप एका जाळ्यातून वर, सर्व्हरवर, मग दुसऱ्या जाळ्यातून खाली. पहिल्या कंपनीला अग्रक्रमाचे पैसे दिलेत, दुसरीला त्याचं काय? तिच्या लेखी ते आलं-गेलं पॅकेट. सहकाऱ्याला हे विचाराच. "पैसे भरा, जीव वाचवा" ही योजना दोन्ही गाड्या एकाच दुकानातल्या असतील तरच चालते.

कलम_तीन

कायद्याची बाजू मी सांगते, कारण इथेच जास्त गैरसमज आहेत.

नेट न्यूट्रॅलिटी हा शब्द अमेरिकी कायद्याचे प्राध्यापक टिम वू यांनी २००३ मध्ये रुळवला. त्याचा अर्थ "कुठलंच प्राधान्य नको" असा कुठल्याही मोठ्या नियमात नाही. युरोपीय संघाच्या २०१५ च्या नियमात, कलम ३ मध्येच, खुल्या इंटरनेटबाहेरच्या विशेष सेवांना जागा आहे. अट अशी की त्या सेवेला खरोखरच वेगळ्या दर्जाची गरज हवी, आणि तिच्यापायी बाकीच्यांचं इंटरनेट खालावता कामा नये. भारतात ट्राय या दूरसंचार नियामकानं फेब्रुवारी २०१६ मध्ये भेदभावाचे डेटा दर बंद केले. २०१८ मध्ये सरकारनं नेट न्यूट्रॅलिटीची तत्त्वं स्वीकारली तेव्हाही विशेष सेवा बाहेर ठेवल्या. अमेरिकेचा झोका तर सगळ्यांना पाठ आहे: २०१५ ला नियम आले, २०१७ ला गेले, २०२४ ला परत आले, आणि जानेवारी २०२५ मध्ये अपिली न्यायालयानं ते पुन्हा पुसले.

त्यामुळे "न्यूट्रॅलिटी आली की गाड्या धडकणार" हा बागुलबुवा आहे. सवलतीचं दार आधीपासून आहे. मला काळजी त्या दाराची वाटते. गाडी एकच, मोडेम एकच. त्यातून अपघाताचा इशारा जातो, नकाशा उतरतो, आणि मागच्या सीटवर पोरं कार्टून बघतात. "वाहन सेवा" अशी एकच चिठ्ठी लावून हे सगळं पुढे सोडलं, तर बाहेर फोनवर तेच कार्टून बघणारा मागे पडला. इशाऱ्याच्या पाठीवर बसून कार्टून पळालं!

साइडमिरर

हे मात्र खरं आहे. तांत्रिकदृष्ट्या वेगळं ठेवता येतं. इशाऱ्यांना एक एपीएन (नेटवर्कमध्ये शिरायचं दार), करमणुकीला दुसरा. ठेवतात का, हे करारावर अवलंबून. आम्ही वेगळं ठेवलं होतं, तेही खर्चाच्या भीतीनं, तत्त्व म्हणून नव्हे.

ड्राइव्हटेस्टवाला

एक जखम राहून गेली. गाड्यांच्या थेट बोलण्याची जागा सगळ्यात जास्त कुणी खाल्ली? अमेरिकेत १९९९ साली या कामासाठी ७५ मेगाहर्ट्‌झ राखले होते. वीस वर्षं ते जवळपास रिकामे पडले, आणि २०२० मध्ये एफसीसी या तिथल्या दूरसंचार नियामकानं त्यातले ४५ वायफायला दिले. उरले ३०. तेही आता सी-व्ही२एक्सला, म्हणजे जुन्या पद्धतीचे रेडिओ बसवलेल्यांनी हात चोळत बसायचं. तुमच्या सहकाऱ्याला जिवाची एवढी चिंता असेल तर त्यानं त्या ४५ वर भांडावं. मी भांडलो असतो. अर्थात रिकामी जागा वीस वर्षं अडवून बसणाऱ्या वाहन उद्योगालाही दोन शब्द सुनावले असते.

चाकोरीबाहेर

आज परत बसलो. दोन सिमचा मुद्दा मांडल्यावर तो जरा घुटमळला. मग म्हणाला, "बरं, पण अपघात झाल्यावर गाडी आपोआप फोन लावते, ते तरी नेटवर्कवरूनच ना? त्याला प्राधान्य नको?" आता?

ड्राइव्हटेस्टवाला

हवंच, आणि आहेही. त्याला ईकॉल म्हणतात. युरोपीय संघात ३१ मार्च २०१८ पासून नव्या प्रकारच्या गाड्यांना सक्तीचं आहे. गाडी ११२ ला फोन लावते आणि जागा, वेळ, दिशा वगैरे जास्तीत जास्त १४० बाइटांत पाठवते. पण मूळ ईकॉलमध्ये ते १४० बाइट इंटरनेटवरून जातच नाहीत. जुन्या फॅक्ससारखे आवाजाच्या वाहिनीतून किरकिरत जातात. आणीबाणीच्या कॉलला सगळ्याच जाळ्यांत आधीपासून अग्रक्रम असतो, त्याचा नेट न्यूट्रॅलिटीशी संबंध नाही.

तिथली खरी अडचण वेगळी आहे. ती आवाजाची वाहिनी २जी-३जी ची, आणि कंपन्या ती जाळी बंद करत सुटल्यात. गाडी पंधरा वर्षं चालणार, मोडेम मात्र आधीच मुका. उद्या त्याला हे विचारा.