मदत हवी आहे: सर्व्हायव्हल गेमचं थंबनेल यादीत दिसतच नाही

एकटा_डेव्ह

स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावरच्या माझ्या गेमचं कॅप्सूल आर्ट, म्हणजे याद्यांमध्ये आणि पानावर दिसणारी नाव-चित्राची पाटी, नव्याने करायचं आहे. गेम बर्फाळ डोंगरातला आहे. आग नव्याने पेटवता येत नाही. मडक्यात निखारे घेऊन एका आसऱ्यापासून दुसऱ्या आसऱ्यापर्यंत पोचायचं. निखारे विझले की खेळ संपला.

आत्ताचं चित्र: रात्र, सूचिपर्णी झाडं, पाठमोरा माणूस, लांबवर छोटी शेकोटी. नाव तीन शब्दांचं, १७ इंग्रजी अक्षरं, सगळी एका ओळीत. फॉन्ट बारीक आणि खरवडल्यासारखा. मोठं करून पाहिलं तर देखणं, पण शोधाच्या यादीत नुसता निळा-काळा डाग. इंप्रेशन (चित्र किती वेळा लोकांसमोर आलं तो आकडा) बरे आहेत, पानावर येणारे कमी.

नुसते रंग उजळून भागेल का? लोगो किती मोठा हवा? आर्टिस्टकडून नेमकं काय काय मागून घ्यायचं? इच डॉट आयओ या दुसऱ्या गेम-साइटवर डेमो आहे, तिथे हेच चित्र चालेल का?

पिक्सेलपाटी

रंग उजळून भागणार नाही. मांडणीच बदला, आणि सुरुवात सगळ्यात लहान आकारापासून करा.

स्मॉल कॅप्सूल, म्हणजे याद्यांसाठीची लहान पट्टी, तुम्ही ४६२ × १७४ पिक्सेलमध्ये चढवता, पण स्टीम त्यातून १८४ × ६९ आणि १२० × ४५ अशा आणखी लहान प्रती काढतं. याद्यांमध्ये लोक त्याच पाहतात. ४६२ चे १२० होताना सगळं जवळपास चौपट आकसतं. म्हणजे मूळ फाइलमध्ये ४ पिक्सेल जाडीची रेघ शेवटी जेमतेम एक पिक्सेल उरते, तीही आजूबाजूच्या रंगात मिसळून धुरकट. अक्षरांची सगळ्यात बारीक रेघसुद्धा मूळ फाइलमध्ये ८ पिक्सेलपेक्षा कमी नको. खरवडल्याचा पोत तर या आकारात नुसता मळ वाटतो. तो हवाच असेल तर मोठ्या कॅप्सूलपुरता ठेवा.

आता नावाचा हिशेब. १७ अक्षरं आणि दोन मोकळ्या जागा एका ओळीत घातल्या, तर कडेची थोडी जागा सोडून १२० पिक्सेलमध्ये एका अक्षराच्या वाट्याला सहाच्या आत पिक्सेल येतात. तेच दोन ओळींत मोडलं तर साधारण अकरा-बारा मिळतात. तीन ओळी करू नका, ४५ पिक्सेल उंचीत त्या चेंगरतात. लोगोच्या दोन आवृत्त्या लागतीलच: आडव्या कॅप्सूलसाठी दोन ओळींची, उभ्यासाठी तीन ओळींची. स्मॉल कॅप्सूलमध्ये लोगोने जवळजवळ सगळी चौकट व्यापली तरी हरकत नाही. तिथे चित्र म्हणजे फक्त मागची रंगछटा आणि फार तर एक ओळखीचा आकार.

चित्राबद्दल स्पष्टच सांगतो. पाठमोरा माणूस आणि समोर अफाट निसर्ग हे या प्रकारातलं सगळ्यात झिजलेलं चित्र आहे. त्यातून वातावरण कळतं, खेळाडूने करायचं काय ते कळत नाही. तुमच्याकडे निखाऱ्यांचं मडकं आहे आणि चित्रात नेमकं तेच नाही! मडकं छातीशी धरलेले दोन हात, खालून उजळलेला अर्धा चेहरा, मागे हिमवादळ. एवढंच. लांडगे, कुऱ्हाड, झोपडी वगैरे काही कोंबू नका. मडक्याने हेडर कॅप्सूलच्या (गेमच्या पानावर वर दिसणाऱ्या आडव्या चित्राच्या) उंचीचा किमान एक तृतीयांश भाग घ्यावा.

काळीशाई

मांडणीबद्दल सहमत. पण रात्र कशाला ठेवायची?

स्टीमचं पान स्वतःच गडद निळसर आहे. त्यावर गडद निळं चित्र ठेवलं की चौकटीची कडाच हरवते. तुमच्याकडे बर्फ आहे, त्याचा उपयोग करा: फिकी, जवळजवळ पांढरी पार्श्वभूमी, त्यावर काळपट आकृती, काळपट अक्षरं, आणि नारिंगी फक्त निखाऱ्यांना. अख्ख्या चौकटीत गरम रंग एकाच जागी असला की नजर आपोआप तिथे जाते. आकृतीला चारी बाजूंनी नारिंगी रिम लाइट (कडेवरची उजळ रेघ) दिला की तो परिणाम गेलाच.

रंग भरण्याआधी ग्रेस्केलमध्ये, म्हणजे नुसत्या राखाडीत, तीन छटा ठरवा: पार्श्वभूमी, आकृती, निखारे. राखाडीत आकृती सुटी दिसत नसेल तर रंग तिला वाचवणार नाहीत. लोगोखाली बाहेरची चमक किंवा सावली घालून वाचनीयता आणायचा मोह टाळा. लहान आकारात ती अक्षरांभोवती घाणेरडी कड होऊन बसते. त्यापेक्षा लोगोमागचा भाग चित्रातच सपाट ठेवायला सांगा.

एकटा_डेव्ह

पांढऱ्या पार्श्वभूमीची कल्पना पटली. इचवर पान पांढरं असेल तर उलटा घोळ नाही का होणार? आणि डेमो आहे हे चित्रावर लिहिता येईल का?

काळीशाई

होईल, म्हणून पार्श्वभूमी शुद्ध पांढरी ठेवू नका. कडांकडे वादळाची राखाडी गडद करत न्या. इचचं कव्हर ६३० × ५०० सुचवलेलं आहे, म्हणजे स्टीमच्या आडव्या पट्ट्यांपेक्षा बरंच चौकोनी. हेडर कापून तिथे बसवाल तर हात तरी जातील नाहीतर नाव तरी. तिथे जीआयएफ चालतो, तेव्हा निखारे मंद-तेज होताना दाखवता येतील. हलू द्या ते तेवढंच.

रेंडरराव

डेमोबद्दल: स्टीमच्या मूळ कॅप्सूलवर नाही लिहिता येणार. १ सप्टेंबर २०२२ पासूनचा नियम असा की त्यावर फक्त गेमचं चित्र, नाव आणि अधिकृत उपशीर्षक असावं. परीक्षणातली वाक्यं, पुरस्कारांची चिन्हं, सवलतीचा मजकूर, सगळं बाद. मोठ्या अपडेटची माहिती देणारं चित्र तात्पुरतं, जास्तीत जास्त महिनाभर लावता येतं, पण ती सोय वेगळी आहे.

आता फाइली. स्टोअरसाठी हेडर ९२० × ४३०, स्मॉल ४६२ × १७४, मेन १२३२ × ७०६, व्हर्टिकल ७४८ × ८९६. लायब्ररीसाठी (खेळाडूच्या स्वतःच्या गेमच्या यादीसाठी) कॅप्सूल ६०० × ९००, हेडर ९२० × ४३०, हीरो (तिथल्या गेमच्या पानावरची रुंद पट्टी) ३८४० × १२४०, आणि पारदर्शक पीएनजी लोगो १२८० रुंद किंवा ७२० उंच. हीरोवर एकही अक्षर नको, लोगो त्यावर वेगळा बसतो. खिडकीच्या आकारानुसार हीरोच्या कडा कापल्या जातात, त्यामुळे महत्त्वाचं सगळं मधल्या ८६० × ३८० च्या भागात.

स्मॉल पट्टी रुंदीला उंचीच्या अडीचपटीहून जास्त, तर व्हर्टिकल रुंदीपेक्षा उंच. एकाच चित्राला कात्री लावून हे दोन्ही निघत नाहीत. म्हणून आर्टिस्टकडून सुटे लेयर (एकावर एक ठेवलेले चित्राचे वेगळे थर) मागा: हात-मडकं, चेहरा, वादळ, मागचे डोंगर, लोगो. प्रत्येक लेयर चौकटीबाहेरही रंगवलेला हवा, मडक्यामागचं अंगसुद्धा पूर्ण. नाहीतर उभ्या कॅप्सूलसाठी मडकं खाली सरकवलं की मागे भोक पडतं. आणि ट्रेलर, पोस्टर, वस्तूंवर छापणं यांचे हक्क कामाआधी लेखी ठरवा.

रंगीत कामाला होकार देण्यापूर्वी तीन राखाडी कच्चे आराखडे मागा, तेही १२० × ४५ मध्ये. पूर्ण आकारातलं कच्चं चित्र पाहिलंत की तुम्ही त्याच्या प्रेमात पडणार आणि लहान आकार विसरणार, हे ठरलेलं.

पिक्सेलपाटी

चाचणीचं राहिलं. सर्व्हायव्हल टॅगच्या शोधयादीचा स्क्रीनशॉट घ्या, मधल्या एका ओळीत तुमचं चित्र चिकटवा, साध्या मॉनिटरवर १०० टक्के झूमला दोन सेकंद दाखवा. “आवडलं का?” विचारू नका, सगळे हो म्हणतात. “या गेममध्ये काय करायचं असेल?” असं विचारा. उत्तरात आग जपणं किंवा वाहून नेणं आलं तर काम झालं. “बर्फात राहायचं” एवढंच आलं तर मडकं अजून लहान आहे किंवा हातांच्या आकारात मिसळतंय.

चित्र बदलल्यावर स्टीमवर्क्समधले (स्टीमच्या डेव्हलपरांसाठीच्या साइटवरचे) इंप्रेशन आणि भेटी स्रोतानुसार ताडून पाहा, एकूण आकडा नको. शोधयादीतून येणाऱ्याची आणि बाहेरच्या लिंकवरून येणाऱ्याची क्लिक करण्याची पद्धतच वेगळी असते. सेल किंवा फेस्टच्या (स्टीमवरच्या गेम-महोत्सवाच्या) आठवड्यात बदल करू नका, आणि त्याच वेळी टॅग, किंमत, ट्रेलर यांना हात लावू नका.

एकटा_डेव्ह

सगळ्यांचे आभार. नाव दोन ओळींत मोडून, जाड फॉन्टमध्ये आधी फक्त स्मॉल कॅप्सूल करतो. राखाडी आराखडे आले की इथेच १२० × ४५ मध्ये टाकतो.